पामिटेट दिलं तरी प्रतिरोध पडतो, डीएचए दिलं तरी पडतो: मूत्रपिंडाच्या पेशींची पारगम्यता नेमकी कुठे बदलते?

वृक्कनलिका (प्रश्न)

नमस्कार मंडळी. एमडीसीके-२ (कुत्र्याच्या मूत्रपिंडातून घेऊन प्रयोगशाळेत वाढवलेल्या) पेशींवर चार मेदाम्लांचा परिणाम तपासायचा आहे: पामिटिक (१६:०), ओलेइक (१८:१), लिनोलेइक (१८:२) आणि डीएचए (२२:६). कंसातला पहिला आकडा साखळीतल्या कार्बनचा, दुसरा दुहेरी बंधांचा. स्वयंपाकघराच्या भाषेत सांगायचं तर पाम तेल, शेंगदाणा तेल, करडई तेल आणि मासळीचं तेल यांचे हे प्रतिनिधी.

पुस्तकात असं शिकवतात की संपृक्त साखळ्या सरळ असतात, त्या दाटीवाटीने बसतात, म्हणून पटल घट्ट होतं आणि गळती कमी होते. असंपृक्त साखळीला दुहेरी बंधापाशी वाक असतो, म्हणून पटल सैल पडतं आणि गळती वाढते. तसं असेल तर पामिटिकने टीईईआर, म्हणजे पेशीथराचा विद्युत प्रतिरोध, वाढायला हवा आणि डीएचएने उतरायला हवा. चाचणीच्या फेऱ्यांत मात्र २४ तासांनी दोन्हींत तो जवळजवळ निम्म्यावर येतो. ओलेइकमध्ये काहीच हलत नाही, लिनोलेइकचं कधी असं तर कधी तसं.

मांडणी अशी: १२ मिमीचे इन्सर्ट (सच्छिद्र तळाचे छोटे पेले; पेशीथराच्या वर एक कप्पा, खाली एक), ०.४ मायक्रॉन छिद्रं. पेशी पेरल्यावर तिसऱ्या दिवशी मेदाम्ल. मात्रा ४०० मायक्रोमोलर, बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन, मेदाम्ल धरून ठेवणारं प्रथिन) ०.५ टक्के. मेदाम्लाचा इथेनॉलमधला साठा थेट मीडियममध्ये घातला आहे, वरच्या आणि खालच्या दोन्ही कप्प्यांत. नियंत्रण म्हणून साधं मीडियम. प्रतिरोध इन्क्युबेटरमधून ताट बाहेर काढल्याबरोबर मोजला.

प्रश्न दोन. ही घट म्हणजे पेशीपटलाची पारगम्यता वाढली असं म्हणता येईल का? आणि पुढे उंदरांना वेगवेगळी तेलं खाऊ घालून हेच पाहायचं ठरलं, तर चाऱ्यात काय जपावं?

पेशीघर

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही, या मांडणीवरून तसं म्हणता येणार नाही. पामिटेटची घट आणि डीएचएची घट आकड्यात सारखी दिसली तरी कारणं बहुतेक वेगळी आहेत, आणि दोन्ही कारणांचा साखळीच्या सरळपणाशी फारसा संबंध नाही. खालून वर जाऊ.

आधी अल्ब्युमिनशी असलेलं प्रमाण. ०.५ टक्के बीएसए म्हणजे ५ ग्रॅम लिटरला. रेणुभार ६६,५०० धरला तर ७५ मायक्रोमोलर. त्यावर ४०० मायक्रोमोलर मेदाम्ल म्हणजे एका अल्ब्युमिनमागे पाचाहून जास्त रेणू. अल्ब्युमिनवर लांब साखळीच्या मेदाम्लासाठी सात जागा आहेत, पण त्यातल्या दोन-तीनच घट्ट धरणाऱ्या. त्या भरल्या की पुढचं मेदाम्ल ढिलं राहतं आणि मोकळ्या मेदाम्लाची पातळी एकदम चढते. निरोगी माणसाच्या रक्तात मोकळी मेदाम्लं साधारण ०.३ ते ०.६ मिलिमोलर आणि अल्ब्युमिन ०.६ मिलिमोलरच्या आसपास, म्हणजे प्रमाण एक किंवा त्याहून कमी. उपासात किंवा बेताबाहेर गेलेल्या मधुमेहात ते दोन-तीनपर्यंत चढतं. पाचाच्या वर गेलेलं प्रमाण आहाराची नक्कल करत नाही, साबणाची करतं.

त्यातच साठा इथेनॉलमधून थेट मीडियममध्ये सोडला आहे. डीएमईएम या नेहमीच्या मीडियममध्ये १.८ मिलिमोलर कॅल्शियम असतं. अल्ब्युमिनने धरण्याआधी पामिटेटला कॅल्शियम भेटलं की कॅल्शियम पामिटेटचा साका बसतो. ताट फेज सूक्ष्मदर्शकाखाली धरा. पेशींवर बारीक सुया किंवा चुऱ्यासारखं काही दिसलं तर त्या ताटातली मोजणी टाकून द्या.

पामिटेटसाठी चालणारी रीत अशी:

मेदाम्लविरहित बीएसए १० टक्के, १५० मिलिमोलर सोडियम क्लोराइडमध्ये, ३७ अंशांवर, पीएच ७.४. हे सुमारे १.५ मिलिमोलर भरतं. सोडियम पामिटेट २७.८ मिलिग्रॅम १ मिलिलिटर पाण्यात, ७० अंशांवर, पूर्ण पारदर्शक होईपर्यंत. हा १०० मिलिमोलर साठा. बीएसए ९.४४ मिलिलिटर चुंबकीय ढवळणीवर ठेवायचं आणि त्यात गरम साठ्यातला ०.५६ मिलिलिटर थेंब-थेंब सोडायचा. अंतिम ५.६ मिलिमोलर, प्रमाण ४:१ च्या आत. २:१ हवं असेल तर ०.२८ मिलिलिटर साठा ९.७२ मिलिलिटर बीएसएमध्ये. साठा मध्येच गार झाला तर पिपेटच्या टोकाला पांढरं धरतं आणि हिशेब चुकतो, म्हणून टोकंही गरम ठेवा. ३७ अंशांवर तासभर ढवळा, ०.२ मायक्रॉनमधून गाळा, आणि गाळल्यानंतर एन्झाइमच्या किटने मेदाम्ल पुन्हा मोजा. जे बांधलं गेलं नाही ते गाळणीत अडकतं. न मोजता बाटलीवर लिहिलेली मात्रा त्यामुळे अनेकदा खरी नसते.

असंपृक्त मेदाम्लांना ७० अंश दाखवू नका. त्यांचे सोडियम क्षार कोमट द्रावणात विरघळतात, किंवा इथेनॉलमधला साठा ढवळत्या बीएसएमध्ये हळूहळू सोडता येतो. मीडियममधलं इथेनॉल शेवटी ०.१ टक्क्याच्या आत राहील असं बघा. डीएचएची कुपी नायट्रोजन किंवा आर्गॉनखाली उघडायची, एका वेळेपुरते भाग करून उणे ८० ला ठेवायचे, उरलेलं परत गोठवायचं नाही. वापरण्याआधी २३४ नॅनोमीटरला शोषण बघा. ते चढलेलं असेल तर दुहेरी बंध सरकले आहेत, म्हणजे तेल खवट होऊ लागलं आहे.

नियंत्रण म्हणून साधं मीडियम चालणार नाही. तेवढंच मेदाम्लविरहित बीएसए, तेवढंच सोडियम क्लोराइड आणि तेवढंच इथेनॉल असलेलं मीडियम हवं. तेही निरुपद्रवी नसतं, कारण रिकामं अल्ब्युमिन पेशीतून मेदाम्ल ओढून घेतं. म्हणून साधं मीडियम आणि बीएसएचं मीडियम अशी दोन्ही नियंत्रणं ठेवा.

आता मोजमाप. ताट बाहेर काढल्याबरोबर मोजू नका. तापमान उतरेल तसा प्रतिरोध चढत जातो, त्यामुळे पहिला इन्सर्ट आणि बारावा इन्सर्ट यांची तुलनाच होत नाही. ताट २० ते ३० मिनिटं खोलीच्या तापमानाला येऊ द्या. पेशी नसलेल्या इन्सर्टचा प्रतिरोध वजा करा आणि उरलेल्याला १.१२ चौरस सेंटिमीटरने गुणा. उदाहरणार्थ २५० ओममधून कोऱ्या इन्सर्टचे १३० गेले तर १२०, गुणिले १.१२ म्हणजे सुमारे १३४ ओम-चौरस सेंमी. काही जण गुणण्याऐवजी भागतात. लहान इन्सर्टवर ही चूक आकड्यात उठून दिसते; १.१२ वर ती लपते, म्हणून जास्त सावध राहायला हवं.

दिवसही बदला. एमडीसीके-२ मध्ये पहिल्या-दुसऱ्या दिवशी प्रतिरोधाचा एक उंचवटा येतो, मग तो आपोआप उतरून स्थिरावतो. तिसऱ्या दिवशी तुम्ही उतारावर उभे आहात. चौरस सेंटिमीटरला १ लाख पेशी पेरल्या असतील तर पाचवा दिवस धरा.

आणि कप्पा. निरोगी मूत्रपिंडात गाळणीतून अल्ब्युमिन फार थोडं उतरतं, त्यामुळे नलिकेच्या पेशीला आहारातलं मेदाम्ल मुख्यतः रक्ताच्या बाजूने भेटतं. आहाराचा प्रश्न असेल तर मेदाम्ल खालच्या कप्प्यातच द्या. वरच्या कप्प्यात दिलंत तर तो प्रथिनं गळणाऱ्या मूत्रपिंडाचा प्रयोग झाला. तोही करण्याजोगा आहे, पण त्याचं नाव वेगळं.

द्विस्तर

पेशीघर यांच्या मांडणीला माझी पूर्ण सहमती. मूळ गोंधळ शब्दाचा आहे, त्याबद्दल लिहितो. ‘पारगम्यता’ हा एकच शब्द आपण तीन वाटांसाठी वापरतो: मेदाच्या दुहेरी थरातून आरपार जाणारी वाट, पटलातल्या वाहिन्या-पंपांची वाट, आणि दोन पेशींच्या मधली टाइट जंक्शनची वाट. टीईईआरमध्ये या वाटा समांतर जोडलेल्या असतात आणि समांतर मंडलात ज्या वाटेचा प्रतिरोध सर्वांत कमी तीच आकडा ठरवते. एमडीसीके-२ मध्ये ती वाट पेशींच्या मधली आहे. तिथे क्लॉडिन-२ नावाचं प्रथिन धन आयनांना छिद्र देतं. एमडीसीके-१ मध्ये ते नसतं, म्हणून त्यांचा प्रतिरोध हजार ओमच्या वर जातो, आणि तुमच्या पेशी ५० ते २०० मध्ये असतात. वंश एकच: मॅडिन आणि डार्बी यांनी १९५८ मध्ये एका कॉकर स्पॅनिएल कुत्रीच्या मूत्रपिंडातून घेतलेल्या पेशी. एवढ्या गळक्या वाटेशेजारी पटलाच्या मेदथराची पारगम्यता दुप्पट झाली तरी टीईईआरला त्याचा पत्ता लागणार नाही.

आता ‘सरळ साखळी घट्ट, वाकडी सैल’ या नियमाकडे. तो खोटा नाही, पण पेशीत एकट्या साखळ्या नसतात. फॉस्फोलिपिडच्या पहिल्या जागेवर बहुधा संपृक्त आणि दुसऱ्या जागेवर असंपृक्त मेदाम्ल बसतं. तुम्ही डीएचए दिलंत तर ते दुसऱ्या जागेवर, बहुतेक वेळा अ‍ॅरॅकिडोनिक किंवा ओलेइकला हटवून बसतं. पहिली जागा संपृक्तच राहते. फॉस्फॅटिडिलकोलीनच्या दोन्ही साखळ्या १८:० असतील तर ते ५५ अंशांच्या आसपास वितळतं. एक साखळी १८:१ झाली की सुमारे ६ अंशांना. म्हणजे पहिल्याच दुहेरी बंधाने सगळी मजल मारली. पुढचे बंध वितळणबिंदू आणखी खाली नेतात, पण ३७ अंशांवर हे सगळे आधीच द्रव आहेत.

पाण्याच्या पारगम्यतेत मात्र पुढच्या बंधांनाही किंमत आहे. कृत्रिम थरांवरच्या मोजमापांत, १८:०/१८:१ च्या तुलनेत दोन्ही साखळ्या १८:३ असलेल्या थरातून पाणी सुमारे पाचपट वेगाने जातं. एकच साखळी १८:२ केली तर ही वाढ दुपटीच्या आतच राहते. पेशीत आहाराने घडू शकतो तो हा दुसरा बदल.

त्याहून महत्त्वाची गोष्ट थरांच्या क्रमाची आहे. मूत्रपिंडाच्या पेशीच्या वरच्या, म्हणजे लघवीकडच्या पटलाच्या बाहेरच्या थरात स्फिंगोमायेलिन, ग्लायकोलिपिड आणि कोलेस्टेरॉल दाटलेलं असतं. आहारातली बहुअसंपृक्त मेदाम्लं प्रामुख्याने आतल्या थराच्या पीई आणि पीएस या फॉस्फोलिपिडांमध्ये जातात. हे दोन थर एकापाठोपाठ आहेत, म्हणून त्यांच्या पारगम्यतेचे व्यस्तांक मिळवायचे. समजा बाहेरच्या थराची पारगम्यता १० एकक आणि आतल्याची १००. एकूण ९.०९. आहाराने आतल्या थराची दुप्पट केली, २००, एकूण ९.५२. दुपटीचं उत्पन्न पाच टक्क्यांहून कमी! मूत्रपिंडाचं पटल एका दिवसाच्या जेवणाने पाणी गळू लागत नाही त्यामागे ही रचना आहे. मला या विषयातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. दिवसाला सुमारे १८० लिटर गाळून त्यातलं बहुतेक सगळं परत घेणाऱ्या अवयवाने अडवण्याचं काम बाहेरच्या थराकडे दिलं आणि बदलतं सामान आत ठेवलं.

मग पामिटेटने प्रतिरोध का पडतो? वाट चयापचयाची आहे. जास्तीचं पामिटेट सेरामाइड आणि डायग्लिसराइडकडे वळतं, एंडोप्लाझमिक रेटिक्युलमच्या पटलात संपृक्त साखळ्या वाढतात, ताण येतो, पेशी मरू लागतात आणि थराला भोकं पडतात. ओलेइक मिळालं तर पेशी तेच पामिटेट ट्रायग्लिसराइड करून मेदथेंबात ठेवून देते. याची परीक्षा सोपी आहे: २०० मायक्रोमोलर पामिटेटबरोबर १०० ओलेइक द्या. प्रतिरोध सावरला तर ती मेदविषाक्तता होती.

डीएचएची परीक्षा वेगळी. सहा दुहेरी बंध म्हणजे ऑक्सिडीकरणाला पाच मोक्याच्या जागा. साध्या कल्चरमध्ये ई जीवनसत्त्व जवळजवळ नसतं. अल्फा-टोकोफेरॉल १० मायक्रोमोलर आधी एक रात्र द्या, दुसऱ्या गटाला फेरोस्टॅटिन-१ (मेदाचं ऑक्सिडीकरण रोखणारं रसायन) १ मायक्रोमोलर. यांनी घट थांबली तर तुम्ही पाहत होता ते मेदाचं ऑक्सिडीकरण. लिनोलेइकचं ‘कधी असं कधी तसं’ यातलंच असू शकतं. कुपी किती जुनी आहे ते नोंदवहीत लिहायला लागा.

वृक्कनलिका

दोघांचे आभार. म्हणजे प्रमाण २:१, मात्रा कमी, खालचा कप्पा, पाचवा दिवस. दोन शंका. वाट पेशींच्या मधली आहे की पेशी मेल्यामुळे आहे हे वेगळं कसं करायचं? आणि मेदाम्ल खरोखर पटलात गेलं हे किती वेळाने धरावं?

पेशीघर

टीईईआरच्या जोडीला नेहमी एक रंगखूण ठेवा. ४ किलोडाल्टनचं एफआयटीसी-डेक्स्ट्रान वरच्या ०.५ मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, खाली १.५ मिलिलिटर. ३०, ६०, ९० आणि १२० मिनिटांना खालून १०० मायक्रोलिटर काढा, तेवढंच ताजं बफर भरा आणि काढलेल्या भागाची भर हिशेबात धरा. मोकळा रंग शिल्लक असेल तर सगळं फसतं, म्हणून डेक्स्ट्रान आधी डायलिसिस करून घेतलेलं बरं. सूत्र: दर सेकंदाला उतरलेली मात्रा भागिले क्षेत्रफळ गुणिले वरची सुरुवातीची संहती. तासाला ०.४ मायक्रोग्रॅम उतरलं तर सेकंदाला ०.०००१११; भागिले १.१२ गुणिले १०००; उत्तर सुमारे १ गुणिले दहाचा उणे सातवा घात, सेंटिमीटर प्रति सेकंद. सरळ रेषेतला भागच घ्या.

वाचायचं असं: टीईईआर पडला आणि डेक्स्ट्रान हललं नाही, तर क्लॉडिनची छिद्रं बदलली, क्लॉडिन-२ चा ब्लॉट करा. दोन्ही बदलले आणि एलडीएच (पेशी फुटली की बाहेर पडणारं एन्झाइम) हेही बाहेर आलं, तर पेशी मेल्या. दोन्ही बदलले पण एलडीएच शांत, तर जंक्शन उसवलं. झेडओ-१ आणि ऑक्लुडिन ही जंक्शनची प्रथिनं रंगवून बघा. एक फसवी शक्यता राहते: कप्प्यात चुकून कॅल्शियम धरून ठेवणारं ईडीटीए आलं किंवा कॅल्शियम साक्यात गेलं तरी जंक्शन उसवतं, कारण ई-कॅडहेरिनला कॅल्शियम लागतं.

वेळेबद्दल. पहिल्या काही मिनिटांत दिसतो तो मोकळ्या मेदाम्लाचा आणि संकेतांचा परिणाम. फॉस्फोलिपिडची घडण बदलायला ४८ ते ७२ तास द्या, मात्रा २५ ते ५० मायक्रोमोलर पुरे. फीटल बोव्हाइन सीरममध्ये लिनोलेइक कमी असल्यामुळे नेहमीच्या कल्चरमधल्या पेशी आधीच आवश्यक मेदाम्लांना थोड्या मुकलेल्या असतात. तुमचा लिनोलेइक गट त्यामुळे ‘जास्तीचं तेल’ नसून तूट भरून काढलेला गट असू शकतो. निष्कर्ष लिहिताना हे ध्यानात ठेवा.

पटलात गेलं की नाही हे गॅस क्रोमॅटोग्राफीनेच कळेल. क्लोरोफॉर्म-मिथेनॉल २:१, त्यात ०.०१ टक्के बीएचटी, आणि सुरुवातीलाच १७:० साखळी असलेलं फॉस्फोलिपिड मोजून घाला. टीएलसीवर (पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीवर) फॉस्फोलिपिड वेगळं करून मगच मिथिल एस्टर बनवा. अख्ख्या पेशीचं मेद घेतलंत तर मेदथेंबातलं ट्रायग्लिसराइड त्यात येतं आणि पटल भरल्याचा भास होतो. सर्वांत जास्त वेळा होणारी चूक हीच.

पथ्यापथ्य

उंदरांच्या चाऱ्याबद्दल. ‘संपृक्त गट’ म्हणून नुसतं खोबरेल तेल देऊ नका.

एआयएन-९३जी या उंदरांच्या प्रमाणित चाऱ्यात ७ टक्के मेद असतो, मूळ कृतीत सोयाबीन तेल. ते सगळं काढून खोबरेल घातलं तर त्यात लिनोलेइक सुमारे २ टक्के. १०० ग्रॅम चाऱ्यात ०.१४ ग्रॅम, म्हणजे ऊर्जेच्या ०.३ टक्के. उंदराला निदान १ ते २ टक्के लागते. आठ आठवड्यांनी तुमच्या हातात संपृक्त मेदाचा परिणाम येणार नाही, आवश्यक मेदाम्लांच्या तुटीचा येईल. आणि तूट मूत्रपिंडाला नक्की भोवते. मिनेसोटात जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर यांनी १९२९ मध्ये मेदविरहित चाऱ्यावरच्या उंदरांचं जे वर्णन केलं त्यात खवलेदार शेपट्या होत्या, खुंटलेली वाढ होती आणि बिघडलेली मूत्रपिंडं, लघवीत रक्तही होतं. ते उंदीर पाणी खूप पीत, पण त्या मानाने लघवी वाढत नसे. पाणी कातडीतून उडत होतं. कातडीच्या सेरामाइडला लिनोलेइक लागतं, त्यावरून हे पुढे उलगडलं. पिण्याच्या पाण्याच्या नोंदीवरून मूत्रपिंडाबद्दल अनुमान काढणाऱ्याने हे विसरू नये. चयापचय पिंजऱ्यात लघवी मोजा, तिची ऑस्मोलॅलिटी घ्या.

उपाय: खोबरेल ५.५ आणि करडई १.५ टक्के. करडईत लिनोलेइक ७५ टक्के धरलं तर एकूण १.२ ग्रॅमच्या वर, ऊर्जेच्या सुमारे २.८ टक्के. पण करडईचं ओलेइक-समृद्ध वाणही बाजारात असतं आणि त्यात हे गणित पार उलटतं. डब्यावरच्या नावावर न जाता प्रत्येक तेलाची गॅस क्रोमॅटोग्राफी करून घ्या. अल्फा-लिनोलेनिकसाठी प्रत्येक गटात थोडं जवस तेल सारखंच ठेवा.

तूट आली का हे रक्तातल्या मीड आम्ल (आवश्यक मेदाम्लं कमी पडली की शरीर बनवतं ते) आणि अ‍ॅरॅकिडोनिकच्या गुणोत्तरावरून ओळखतात. होल्मन यांनी १९६० मध्ये ०.४ ही सीमा सुचवली होती, नंतर ०.२ वापरात आली. सगळ्याच गटांत हे मोजा.

मासळीच्या तेलाचा चारा लहान पुड्यांत, उणे २० ला, नायट्रोजनखाली. वाटीतला उरलेला रोज फेकायचा. खवटपणा रोखणारं टीबीएचक्यू तेलाच्या ०.०२ टक्के असतं, पण मासळीच्या गटात ई जीवनसत्त्व वाढवावं लागतं, आणि वाढवलंत तर सगळ्याच गटांत सारखं वाढवा. कालावधी ६ ते ८ आठवडे.

ब्रश-बॉर्डर (नलिकेच्या पेशीच्या लघवीकडच्या) पटलाच्या पिशव्या बनवताना कॅल्शियमऐवजी मॅग्नेशियमने साका बसवा: ३०० मिलिमोलर मॅनिटॉल, ट्रिस, ५ मिलिमोलर ईजीटीए, १२ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड, सगळं बर्फात. कॅल्शियमने फॉस्फोलायपेज ए२ जागं होतं आणि नेमकी तुम्हाला मोजायची असलेली दुसऱ्या जागेवरची साखळीच ते कापतं. शुद्धता अल्कलाइन फॉस्फटेज किंवा गॅमा-जीटी या त्या पटलातल्या एन्झाइमांच्या पटीने ठरवा. दहा पटीच्या खाली असेल तर पुढे जाऊ नका. सोडियम-पोटॅशियम पंपाची क्रिया त्याच नमुन्यात बघा. उंदराचा पंप वाबेनला (पंप बंद करणाऱ्या विषाला) सहजी दाद देत नाही, त्याला १ मिलिमोलरच्या वरची मात्रा लागते. कुत्र्याच्या पेशींसाठीचा आकडा इथे वापरला की पंप ‘गायब’ झालेला दिसतो.

द्विस्तर

पिशव्यांचं निघालं म्हणून एक भर. जवळच्या नलिकेच्या ब्रश-बॉर्डरमध्ये अ‍ॅक्वापोरिन-१ ही पाण्याची वाहिनी इतकी असते की स्टॉप्ड-फ्लो यंत्रात (द्रावणं झटक्यात मिसळून) पाण्याचा वेग मोजलात तर वाहिनीचाच आकडा येतो, मेदथराचा आवाज त्यात बुडतो. मर्क्युरिक क्लोराइड ०.३ मिलिमोलर देऊन वाहिनी बंद करा आणि उरलेला वेग मेदथराचा धरा. खात्रीसाठी १० ते ३७ अंशांमध्ये चार तापमानांना मोजून सक्रियण ऊर्जा काढा. वाहिनीतून जाताना ती ५ किलोकॅलरी प्रति मोलच्या आसपास असते, मेदथरातून जाताना दहाच्या वर. मर्क्युरीनंतरही ती पाचच्या जवळ राहिली तर वाहिनी पूर्ण बंद झालेली नाही.

तरलता डीपीएच या चमकणाऱ्या खूण-रेणूच्या अनिसोट्रॉपीवरून (त्याचा प्रकाश किती एका दिशेने राहतो यावरून) घ्या, ३६० ला उत्तेजन आणि ४३० ला वाचन. नमुना गढूळ असेल तर विखुरलेला प्रकाश अनिसोट्रॉपी खोटी चढवतो, शोषण ०.१ च्या खाली ठेवा आणि डीपीएच न घातलेला नमुना वजा करा. तरलता वाढली म्हणजे पारगम्यता वाढलीच असा शॉर्टकट मात्र घेऊ नका. दोन्ही मोजा.

संग्राहक नलिकेवर काम नेणार असाल तर आणखी एक वाट आहे, आणि माझ्या मते आहाराचा मूत्रपिंडाच्या पाण्यावर होणारा परिणाम तिच्यातूनच जास्त होतो. पटलातल्या अ‍ॅरॅकिडोनिकपासून प्रोस्टाग्लँडिन ई२ बनतं. ते व्हॅसोप्रेसिनच्या विरोधात काम करून सायक्लिक एएमपी खाली आणतं आणि अ‍ॅक्वापोरिन-२ पटलात कमी राहतं. ओमेगा-३ ने अ‍ॅरॅकिडोनिक हटलं की ई२ घटू शकतं. इथे पटल जसंच्या तसं असतं, वाहिन्यांची संख्या बदलते. इंडोमेथॅसिन १० मायक्रोमोलर दिलेला एक गट ठेवा. त्या गटात मेदाम्लांमधला फरक पुसला गेला तर वाट प्रोस्टाग्लँडिनची.

कोकणकडा

विषय प्रयोगशाळेचा आहे हे कळतं, पण वाचणाऱ्यांत घरी किडनीचा रुग्ण असलेलेही असतील. त्यांनी यावरून तेल बदलावं का? जवस, बांगडा, तारली याबद्दल बरंच ऐकू येतं.

ताटातलं

आहारतज्ज्ञ म्हणून उत्तर देते. पेशींच्या ताटातल्या या निष्कर्षांवरून जेवणाचं ताट बदलू नये. टाइप-२ मधुमेह असलेल्या १,३१२ जणांवर पाच वर्षं चाललेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्हायटल-डीकेडी चाचणीत रोज १ ग्रॅम ओमेगा-३ ने मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या वेगात प्लासिबोपेक्षा अर्थपूर्ण फरक पडला नाही. आयजीए नेफ्रोपॅथीत १९९४ मध्ये रोज १२ ग्रॅम मासळी तेलाने फायदा दिसला होता. नंतरच्या अभ्यासांत तो एकसारखा टिकला नाही.

जवसातलं अल्फा-लिनोलेनिक शरीरात ईपीए-डीएचएमध्ये फार थोडं बदलतं, डीएचए तर टक्काभरही होत नाही. त्यामुळे जवस आणि बांगडा एकमेकांची जागा घेत नाहीत. जवसाच्या चटणीत पोटॅशियम आणि फॉस्फरस येतं: एक मोठा चमचा पूड, सुमारे ७ ग्रॅम, म्हणजे ५५-६० मिलिग्रॅम पोटॅशियम आणि ४५ च्या आसपास फॉस्फरस. हे फार नाही, पण डायलिसिसवर असलेल्याच्या दिवसाच्या हिशेबात ते धरायचं, आणि चटणीतलं मीठ तर आधी धरायचं. जवसाच्या तेलात ही खनिजं नसतात. ते तळणीला वापरू नका, गार भातावर किंवा चटणीवर घ्या, बाटली फ्रीजमध्ये. मासळी ताजी घ्या, सुकी नको. सुक्या बांगड्यातलं मीठ किडनीला आणि रक्तदाबाला दोन्हींना नडतं. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर मासळी तेलाच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नयेत.

वृक्कनलिका

सुधारलेला आराखडा. बीएसएबरोबर २:१; ५० मायक्रोमोलर, ७२ तास, खालच्या कप्प्यात; पाचव्या दिवशी सुरुवात. गट: साधं मीडियम, रिकामं बीएसए, चार मेदाम्लं, पामिटेट अधिक ओलेइक, डीएचए अधिक टोकोफेरॉल. प्रत्येकात टीईईआर, डेक्स्ट्रान, एलडीएच आणि फॉस्फोलिपिडची गॅस क्रोमॅटोग्राफी. प्रत्येक गटाला तीन इन्सर्ट म्हणजे एन (स्वतंत्र नमुन्यांची संख्या) बरोबर तीन धरू का?

पेशीघर

नाही. एकाच पेरणीतले तीन इन्सर्ट मिळून एन एक. तीन वेगळ्या पॅसेजच्या, वेगळ्या दिवशी पेरलेल्या आणि बीएसए-मेदाम्लाचा साठा प्रत्येक वेळी नव्याने बनवलेल्या फेऱ्या करा. मग एन तीन. साठा एकच वापरलात तर साठ्यातली चूक तिन्ही फेऱ्यांत जशीच्या तशी जाईल. आठ गट गुणिले तीन म्हणजे चोवीस इन्सर्ट, शिवाय पेशी नसलेले दोन, म्हणजे बारा खणांची तीन ताटं लागतील. प्रत्येक ताटात रिकाम्या बीएसएचा निदान एक इन्सर्ट ठेवा आणि गटांची जागा ताटागणिक फिरवा. काठाच्या खणांतून ७२ तासांत पाणी उडतं, मीडियम घट्ट होतं आणि प्रतिरोध त्यानेही हलतो. मीडियम ४८ तासांनी बदला, आणि बदलताना ताजं मेदाम्लही द्या, कारण तोवर पेशींनी बरंचसं उचललेलं असतं. पहिली फेरी झाली की रिकाम्या बीएसएचा टीईईआर साध्या मीडियमच्या तुलनेत किती हलला तो आकडा इथे टाका. तो १० टक्क्यांहून जास्त असेल तर पुढच्या फेरीआधी बीएसएची बाटली बदलून बघू.